भय कोणाचे? : सागरपक्षी, छायाचित्र आणि अंतराची कल्पना

एडवर्ड बलो याने १९१२ साली ‘मानसिक अंतर’ ही संकल्पना मांडली तेव्हा दृष्टान्तासाठी त्याने समुद्रावरील धुके घेतले. धुक्यात सापडलेल्या जहाजावरचा प्रवासी एरवी भयाने, विलंबाच्या वैतागाने आणि अज्ञात धोक्याच्या ताणाने ग्रासलेला असतो. पण या व्यावहारिक चिंतांपासून तो क्षणभर मनाने बाजूला झाला, तर तेच धुके, तेच दुधाळ पाणी आणि जगापासून तुटल्याची तीच जाणीव त्याला विलक्षण आनंद देऊ शकते. आपल्याकडील सौंदर्यशास्त्राच्या अध्यापनात हा दृष्टान्त इतका रुळला आहे की त्यातील एका गृहीतकाकडे सहसा लक्ष जात नाही. बलोच्या जहाजावर भिणारा आणि आस्वाद घेणारा एकच आहे. भय त्याचेच, अंतर राखायचे ते त्यानेच आणि आनंदही त्यालाच. परंतु भिणारा एक आणि आस्वाद घेणारा दुसरा असेल, शिवाय पहिल्याच्या भयाला हा दुसराच कारण असेल, तर या अंतराचे काय होते? हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. तो मे महिन्यात एका होडीत सुचला, म्हणून त्या होडीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे.

वेंगुर्ल्याच्या वायव्येस, किनाऱ्यापासून काही मैल आत समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. एका खडकावर दीपगृह आहे. बाकी माणसाची वस्ती नाही. तेथील गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, लगामी सुरय हा पक्षी तेथे विणीसाठी येतो. वरून काळसर राखाडी, खालून शुभ्र, कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यामागेपर्यंत गेलेला. वर्षाचा उरलेला काळ हा पक्षी खुल्या समुद्रावर काढतो. जमिनीशी त्याचा संबंध येतो तो केवळ प्रजननापुरता. खडकाच्या कपारीत मादी एकच अंडे घालते. हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्यांविषयी १९४२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, तेव्हापासून अभ्यासकांना हे ठिकाण चांगले परिचित आहे.

आमची होडी लहान होती. तांडेल साठीच्या पुढचे, मितभाषी. बेट चांगले दिसू लागले तसे त्यांनी इंजिन बंद केले आणि होडी लाटांवर सोडून दिली. ‘लांबसूनच बघा. पिलां असत तेंची,’ एवढेच ते म्हणाले. माझ्यापाशी चारशे मिलिमीटरची भिंग होती. तिच्यातून कपारीच्या तोंडाशी बसलेला पक्षी दिसत होता, पण चौकटीत तो लहान येत होता आणि होडी हेलकावत असल्याने चित्र स्थिर राहत नव्हते. मी त्यांना आणखी थोडे पुढे घ्यायला सांगितले. होडी मी भाड्याने घेतलेली होती. त्यांनी ती घेतली. मग जे घडले त्याचे वर्णन अभ्यासकांच्या भाषेत सोपे आहे. सुरयांच्या वसाहतीत कधीकधी एकाएकी सारा कलकलाट थांबतो, आणि सगळे पक्षी एकदम उठून समुद्राकडे झेपावतात. याला पक्षिशास्त्रात ‘ड्रेड’ अशी संज्ञा आहे, म्हणजे धास्तीच. मला त्या वेळी ही संज्ञा ठाऊक नव्हती. मला ऐकू आली ती शांतता, आणि त्यानंतर काळ्या खडकावरून सुटलेला, पंखांच्या खालच्या बाजूने एकदम पांढरा झालेला तो झोत. माझे बोट कळीवरच होते. माझ्या हातून निघालेले ते सर्वांत चांगले छायाचित्र आहे.

बलोने अंतराच्या संदर्भात एक विरोधाभासही सांगितला होता. अंतर शक्य तितके कमी व्हावे, मात्र पूर्णपणे नाहीसे होऊ नये, ही त्याच्या मते आस्वादाची इष्टतम अवस्था होय. दूरदर्शी भिंगाची याहून चांगली व्याख्या करता येणार नाही. पण बलोचे अंतर द्रष्ट्याच्या मनात असते, आणि त्यात कमीजास्त होण्याचे परिणामही द्रष्ट्यालाच भोगावे लागतात. होडी आणि खडक यांतील अंतर मात्र दोन्ही टोकांना मोजले जाते. आपण ते नजरेने मोजतो, तर पक्षी ते अंड्यावरून उठावे की न उठावे या निर्णयाने मोजतो. मे महिन्याच्या दुपारी अंडे सोडून उडालेला पक्षी काय गमावू शकतो हे वेगळे सांगायला नको. ऊन आहे, भक्षक आहेत, आणि अंडे एकच आहे.

येथे भयानक रसाची चर्चा आठवणे अपरिहार्य आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे स्वरूप उलगडताना ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. मान वळवून रथाकडे पाहणारे ते हरण भ्यालेले आहे, आणि सुंदर आहे, आणि भ्यालेले आहे म्हणूनच सुंदर आहे. अभिनवगुप्ताचे म्हणणे असे, की प्रेक्षकाला होणारी ही भयाची प्रतीती कोणाचीच नसते. ती माझी नाही, शत्रूची नाही, मित्राची नाही, तटस्थाचीही नाही. देशकालाच्या मर्यादा गळून पडलेले ते भयमात्र असते. साधारणीकरणाचा हा सिद्धान्त मला आजही पाश्चात्त्य ‘अंतरा’पेक्षा अधिक सखोल वाटतो. मात्र तो ज्या अटीवर उभा आहे ती अट इतकी उघड आहे की ती कोणी बोलून दाखवत नाही : रंगमंचावर हरीण नसते. कालिदासाच्या श्लोकासाठी कोणत्याही हरणाला पळावे लागलेले नाही.

छायाचित्रात ही अटच पाळता येत नाही. रोलां बार्तने ‘कॅमेरा ल्युसिडा’मध्ये (१९८०) छायाचित्राचे सारतत्त्वच असे सांगितले, की त्यातील वस्तू भिंगासमोर खरोखर होती. म्हणजे देशकालाच्या मर्यादा गळून पडणे तर दूरच. ते दिवस, ते बेट, तो पक्षी आणि ती होडी यांना छायाचित्र कायमचे बांधलेले असते. त्यातले भय साधारण होऊ शकत नाही, कारण ते कोणाचे तरी आहे, आणि त्याचे कारण चौकटीच्या अलीकडे, होडीत बसलेले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. कलाकृतीचे मूल्य तिच्या घटकांच्या संघटनेत असते, तिच्या जन्मकथेत नसते, असे मर्ढेकरांच्या मार्गाने जाणारा समीक्षक म्हणेल. जॉन जेम्स ऑडुबॉनने पक्षी मारून, तारांनी ताणून, जिवंत वाटतील अशा पवित्र्यात बांधून रंगवले. म्हणून त्याची चित्रे वाईट ठरतात काय? ठरत नाहीत, आणि ठरवण्याचा आग्रह धरला तर कलेच्या इतिहासातले फारच थोडे शिल्लक राहील. रा. भा. पाटणकरांनी ज्याला लौकिकतावाद म्हटले त्याच्या बाजूने बोलतानाही हे मान्य करावे लागते. शिवाय बंदूक आणि कॅमेरा यांचे जे साम्य सुसान सॉन्टॅगने १९७७च्या आपल्या पुस्तकात दाखवले, तेही मला फार सुलभ वाटते. गोळीची हानी गोळी लागण्यात असते. कॅमेऱ्याची हानी कळ दाबण्यात नसते. ती जवळ जाण्यात असते, आणि चित्र घेतलेच नाही तरी झालेली असते. इंग्लंडमधील कर्टन बंधूंना हे १९००च्या सुमारासच उमगले होते. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून त्यांनी पोकळ केलेल्या, भुसा न भरलेल्या बैलाच्या कातड्यात बसून छायाचित्रे घेतली. आज तो बैल हास्यास्पद वाटतो; पण द्रष्ट्याची उपस्थिती दृश्याला बदलते आणि ती कमी करणे हा कौशल्याचा भाग आहे, हे ज्ञान त्या कातड्यात आहे.

माझे उत्तर वेगळ्या दिशेने जाते. ऑडुबॉनचे चित्र ‘असा हा पक्षी असतो’ असे सांगते, आणि ते खरे आहे. माझे छायाचित्र ‘सुरय असे उडतात’ असे सांगते. प्रेक्षक त्या झोतात मुक्तता वाचतो, समुद्राच्या विस्ताराची हाक वाचतो. प्रत्यक्षात ते पलायन होते. छायाचित्र साक्षीदार म्हणून उभे राहते आणि साक्ष अर्धी देते. घडलेले दाखवते, घडवणारा लपवते. म्हणजे येथे नैतिक दोष बाहेरून आणून कलाकृतीला चिकटवलेला नाही. आशयाच्या पातळीवरच काही खोटे आहे, आणि आशयाच्या खोटेपणाची दखल घेणे हे कोणत्याही समीक्षेचे कामच आहे.

हा युक्तिवाद मला बराच काळ पुरेसा वाटत होता. पण त्याच्या मर्यादा कबूल केल्या पाहिजेत. समजा, पक्षी उडालाच नसता. भेदरून कपारीतच दबून बसला असता, आणि मी त्याचे निवांत वाटणारे चित्र घेतले असते. भय होते की नव्हते हे मग कोण सांगणार? समजा, चित्राखाली मी प्रामाणिकपणे लिहिले, की ‘होडी जवळ आल्याने उठलेले पक्षी’. खोटेपणा संपला, अंडी तर उघडी पडलीच. त्या बेटांवरील पाकोळ्यांची घरटी चोरीला जात आली आहेत, आणि त्या चोरीला चोरी म्हणणे सोपे आहे, कारण काहीतरी नेले गेले. मी काय नेले? ‘शाकुंतला’त राजाचा बाण सुटण्याआधी तपस्वी मध्ये येतो आणि हरीण आश्रमाचे आहे असे सांगतो, दुष्यंत थांबतो. माझ्या होडीतही कोणीतरी ते सांगितले होते, आणि मी भाडे दिलेले होते.

ते छायाचित्र मी एम.ए.च्या वर्गात दरवर्षी दाखवतो. आधी काही सांगत नाही. विद्यार्थी लयीविषयी बोलतात, काळ्या खडकाच्या भाराला पंखांचा पांढरा प्रतिभार कसा मिळाला आहे याविषयी बोलतात. हे पक्षी कशापासून उडत आहेत असे आजवर कोणी विचारलेले नाही. मग मी हकीकत सांगतो. बहुतेकांना चित्र एकदम कुरूप वाटू लागते, आणि सौंदर्यानुभव किती लवकर बदलतो याचेच त्यांना नवल वाटते. मागे एका विद्यार्थिनीने मात्र ते पुन्हा पडद्यावर लावायला सांगितले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, ‘सर, हे अजूनही तितकेच चांगले आहे.’ वर्ग हसला. ती हसत नव्हती.