मालकाचा कळवळा

एखाद्या सवर्ण पुढाऱ्याचं, संस्थाचालकाचं किंवा बागाईतदाराचं नाव निघालं की आपल्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘माणूस चांगला आहे. जात मानत नाही. त्याला आपल्याबद्दल कळवळा आहे.’ लगेच दुसरा उसळतो, ‘सगळे ढोंगी.’ मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. समोरच्याला ढोंगी ठरवलं की विचार करायचं काम संपतं. चांगला ठरवलं तरी संपतं. खरा प्रश्न दोन्हीच्या मधे पडून राहतो. समजा, कळवळा शंभर टक्के खरा आहे. तर मग? खऱ्या कळवळ्याचं मोल किती?

हे तपासायला मी मुद्दाम लांबचा माणूस घेतो. जवळचा घेतला की आपण चिडतो, तोही चिडतो आणि हिशेब राहून जातो. हा माणूस अठराव्या शतकातल्या अमेरिकेतला. पण ती गोष्टही आपल्याला परकी नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डु बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि आपल्या स्थितीतलं साम्य मांडलं. तेव्हा तिकडचा हिशेब तपासायचा आपल्याला हक्क आहे.

माणसाचं नाव हेन्री लॉरेन्स. जन्म १७२४, दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन बंदरात. तेव्हा हा मुलूख इंग्रजांची वसाहत होता. घराणं फ्रान्समधून धर्मापायी परागंदा झालेल्या ह्युगेनो पंथाच्या लोकांचं. म्हणजे छळ काय असतो हे घरात माहीत होतं. बाप खोगिरं करणारा. तिकडं चामड्याला विटाळ नव्हता, म्हणून खोगिरं करणाऱ्याचा पोरगा पुढं मुलखाचा पुढारी होऊ शकला. हेही ध्यानात ठेवा.

हेन्रीने लंडनला राहून व्यापार शिकून घेतला आणि परत येऊन भागीदारीत पेढी काढली. पेढीतून तांदूळ, नीळ, हरणाची कातडी बाहेर जायची. आत साखर यायची, दारू यायची आणि माणसं यायची. १७५० ते १७६० या काळात त्याच्या पेढीच्या हातून आठ हजारांहून जास्त आफ्रिकन माणसं विकली गेली. प्रत्येक विक्रीवर दलाली. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन नदीत बन्स नावाचं बेट आहे. तिथं गुलाम कोंडून ठेवायचं ठाणं होतं. त्याच्या मालकांपैकी एक लंडनचा व्यापारी रिचर्ड ऑस्वाल्ड, आणि चार्ल्स्टनात त्याचा माल खपवणारा दलाल हा लॉरेन्स. ऑस्वाल्डचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. त्या किनाऱ्यावरच्या माणसांना गिऱ्हाईक जास्त, कारण त्यांना भातशेती येत होती. दलदलीत बांध कसा घालायचा, पाणी कसं खेळवायचं, हे ज्ञान त्यांचं. गुडघाभर चिखल त्यांचा. हिवताप त्यांचा. कोठार मालकाचं. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

१७५० साली भातशेतीतल्या बड्या बॉल घराण्यातल्या एलिनरशी त्याचं लग्न झालं. १७५७ पासून तो वसाहतीच्या विधिमंडळात. १७६२ साली त्याने कूपर नदीकाठी मेपकिन नावाची मोठी शेती घेतली. पुढं शेजारच्या जॉर्जियातही जमिनी झाल्या. त्या दशकात त्याने गुलामांच्या व्यापारातून हळूहळू अंग काढून घेतलं. पण शेतावरची शेकडो माणसं होती तशीच त्याच्या मालकीची राहिली. व्यापारी, शेतमालक, राजकारणी अशी एकेक पायरी तो चढला आणि प्रत्येक पायरीखाली तीच माणसं होती.

आता त्याचा कळवळा. १४ ऑगस्ट १७७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून सहा आठवडे झालेत. लंडनात शिकणाऱ्या जॉन या थोरल्या मुलाला बाप पत्र लिहितो. पत्राचा मतलब असा: मला गुलामगिरीची घृणा आहे. इंग्रज राजांनी आणि पार्लमेंटांनी ती आधीच रुजवलेल्या मुलखात मी जन्मलो. माझे गुलाम आज लिलावात काढले तर वीस हजार पौंड येतील. तरी त्यातल्या पुष्कळांना मोकळं करायची वाट मी शोधतोय. पण कायदा आडवा येतो, रूढी आडवी येते, माझा आणि माझ्या देशबांधवांचा लोभ आडवा येतो. आणि माझी मुलं काय म्हणतील? एवढी इस्टेट त्यांच्या तोंडातून काढून घेतली तर?

हे पत्र मला खोटं वाटत नाही. सभेतलं भाषण नाही हे, मतं मागायची नाहीत. बाप मुलाशी खाजगीत बोलतोय आणि स्वतःच्या लोभाचं नावसुद्धा घेतोय. आपल्याकडच्या किती जणांनी एवढं घेतलंय? पण त्याच पत्रात माणसांची बेरीज पौंडात केली आहे. काळीज हळहळतंय आणि बोटं भाव लावतायत. दोन्ही एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

मुलगा बापापेक्षा पुढं गेला. जॉन जिनिव्हात आणि लंडनात शिकला, १७७७ साली परतून वॉशिंग्टनच्या हाताखाली लष्करात लागला. बाप तेव्हा सगळ्या वसाहतींच्या काँग्रेसचा अध्यक्ष होता. १७७८ च्या सुरुवातीला मुलाने बापाला लिहिलं की, वारशाने माझ्या वाट्याला जे गुलाम येणार आहेत ते आत्ताच द्या. मी त्यांची पलटण उभी करतो, लढून ते स्वतंत्र होतील. बापाने त्याला थोपवलं. पण दक्षिणेत लढाई गळ्याशी आली तेव्हा कल्पना पुन्हा वर आली. २९ मार्च १७७९ ला काँग्रेसने ठराव केला: दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाने तीन हजार काळे सैनिक उभे करावेत. मालकाला एका माणसामागे हजार डॉलरपर्यंत भरपाई. शेवटपर्यंत इमानाने लढेल त्या सैनिकाला सुटका आणि पन्नास डॉलर. मालकाला हजार, लढणाऱ्याला पन्नास. एवढंही दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाला पचलं नाही. त्यांनी ते फेटाळलं. जॉन पुन्हा पुन्हा मांडत राहिला आणि २७ ऑगस्ट १७८२ ला कोंबाही नदीकाठच्या एका किरकोळ चकमकीत मारला गेला. वय सत्तावीस.

जॉनला मी हिणवणार नाही. त्याने स्वतःच्या वाट्याचा वारसा पुढं केला होता, तोंडची वाफ नव्हती. तरी एक गोष्ट नोंदवतो. त्याच्या योजनेतही काळ्या माणसाला स्वातंत्र्य आधी मरणाला सामोरं जाऊन कमवायचं होतं. गोऱ्याला ते जन्मानं मिळालं होतं.

आता बापाची कसोटी. १७८० साली हॉलंडला निघालेल्या हेन्रीला इंग्रजांनी समुद्रात पकडलं आणि लंडनच्या टॉवरमध्ये कोंडलं. पंधरा महिने तो तुरुंगात होता. १७८१ च्या अखेरीस सुटला तो जामिनावर, आणि त्या कामी धावला जुना धंदेवाईक दोस्त ऑस्वाल्ड. पुढं त्याची अदलाबदल झाली ती लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या बदल्यात. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९३ साली बंगालच्या कुळांच्या मानेवर कायमधाऱ्याचे जमीनदार बसवून गेला. मालकांची दुनिया लहान असते.

नोव्हेंबर १७८२. पॅरिसला तहाची बोलणी संपत आलीत. इंग्रजांच्या बाजूनं बसलाय कोण? रिचर्ड ऑस्वाल्ड. लॉरेन्स पोचतो सहीच्या आदल्या दिवशी. मुलगा गेल्याची बातमी त्याला थोड्याच दिवसांपूर्वी कळलेली. स्वतः साखळदंडाची हवा खाऊन आलेला. गुलामगिरीची घृणा आहे म्हणून लिहून दिलेला. असा हा माणूस तहात एकच कलम घालायला लावतो: माघारी जाताना इंग्रज फौजेने अमेरिकनांचे ‘निग्रो किंवा इतर मालमत्ता’ नेता कामा नये. ऑस्वाल्ड मान डोलावतो. बन्स बेटाचा मालक आणि त्याचा दलाल. ३० नोव्हेंबरला सह्या.

ते कलम कागदावर राहिलं नाही, ते माणसांच्या छातीत शिरलं. बॉस्टन किंग नावाचा एक तरुण होता. दक्षिण कॅरोलिनातच गुलाम म्हणून जन्मलेला, सुतारकामाला लावलेला, मालकांकडून फोडून काढला गेलेला. लढाईच्या धामधुमीत तो पळाला आणि इंग्रजांच्या छावणीत गेला, कारण अमेरिकन मालकाकडून येणाऱ्याला तिथं स्वातंत्र्य मिळत होतं. तहाच्या वेळी तो न्यूयॉर्कमध्ये होता. सगळ्यांना मालकांच्या हाती परत देणार अशी आवई उठली तेव्हा आमची अन्नावरची वासना उडाली, झोप उडाली, असं त्याने स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. ते १७९८ साली छापलं गेलं. इंग्रज सेनापती कार्लटनने मात्र सांगितलं की तहाआधी जे आमच्याकडे आले ते तेव्हाच स्वतंत्र झाले, ते आता कुणाची मालमत्ता नाहीत. सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नावं वहीत लिहून त्यांना जहाजांवर चढवलं. बॉस्टन किंग आणि त्याची बायको व्हायोलेट त्यात होते. इंग्रजांनाही आपण देव करू नये. त्यांच्या स्वतःच्या साखर बेटांवर गुलामी चालूच होती. पण दार किलकिलं झालं तेव्हा आत पाय टाकला तो या माणसांनी. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात उपासमार आणि थंडी सोसून १७९२ साली त्यातले पुष्कळ जण आफ्रिकेत सिएरा लिओनला उतरले. बन्स बेट तिथून फार दूर नाही.

त्याच वर्षी, ८ डिसेंबर १७९२ ला, लॉरेन्स मेपकिनवर वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की मला पुरू नका, जाळा. लहानपणी त्याची मुलगी देवीने मेली असं समजून पुरायची तयारी झाली होती आणि ती जिवंत निघाली. ती भीती त्याने जन्मभर बाळगली. गोऱ्या अमेरिकेतलं हे पहिल्यावहिल्या दहनांपैकी एक. आपल्या देहाचं काय व्हावं एवढं बारकाईनं ठरवणाऱ्या माणसाने मोजक्यांना मोकळं केलं, आणि शेतावरची बाकी शेकडो माणसं इस्टेटीबरोबर वारसांकडे गेली. त्याचा एक जावई चार्ल्स पिंकनी. अमेरिकेची घटना लिहिताना १७८७ साली गुलामगिरीची बाजू मांडणाऱ्यांत तो होता.

कुणी म्हणेल, काळच तसा होता. काळ कुणाचा? बॉस्टन किंग त्याच काळातला. त्याचा मुलगा त्याच काळातला. व्हर्जिनियातला बडा जमीनदार रॉबर्ट कार्टरही त्याच काळातला. त्याने १७९१ साली एक दस्तऐवज करून साडेचारशेहून जास्त गुलामांची टप्प्याटप्प्याने सुटका सुरू केली, घरच्यांच्या नाराजीला न जुमानता. आणि दक्षिण कॅरोलिनात मालकाने स्वतःहून गुलाम सोडायचा रस्ता कायद्याने बंद झाला तो १८२० साली, लॉरेन्स मेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. रस्ता अवघड होता, पण होता.

म्हणून माझं उत्तर असं. कळवळा ही मालकाच्या मनातली घटना आहे. तिचं सुख त्याला, तिचं दुःख त्याला. गुलामाच्या पायातली कडी तिने सैल होत नाही. खरा कळवळा एका जागी येऊन थांबतो, आणि ती जागा लॉरेन्सनेच दाखवली: मुलं काय म्हणतील? वारसा. माणूस स्वतःच्या लोभाशी एखादवेळ लढेल, पण मुलांच्या नावावर केलेल्या लोभाला तो कर्तव्य म्हणतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला तेव्हा त्यांचा आग्रह होता की आधी नागरी हक्कांसाठी लढा, आणि कारभारात अस्पृश्यांना अधिकार द्या. उत्तर आलं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे. बाबासाहेब बाहेर पडले. प्रायश्चित्तात मध्यभागी पापी असतो, ज्याच्यावर अन्याय झाला तो नसतो. आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल आणताना त्यांनी कोकणातल्या खोतांच्या मनाची चौकशी केली नाही, जमिनीच्या हक्काची केली.

मित्रांनो, तेव्हा कुणाचा कळवळा खरा की खोटा यावर रात्र जाळू नका. तीन गोष्टी विचारा. त्याच्या हातात काय आहे? त्यातलं हातातून सुटलं काय? आणि तो गेल्यावर उरलेलं कुणाकडे जाणार? उत्तरं चांगली आली तर त्याच्याबरोबर खुशाल चाला. जॉनसारखा माणूस भेटला तर त्याला परत पाठवू नका, फक्त पलटणीच्या अटी आपण लिहू.

आणि हेच तीन प्रश्न आता आपल्या दारावरही ठोठावतायत. आपल्यातल्या काहींच्या हातात आज नोकरी आहे, घर आहे, संस्थेतली खुर्ची आहे. समतेवर आपण तासभर बोलतो. सातबाऱ्यावर, फ्लॅटच्या कागदावर बहिणीचं नाव आहे का? घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला पगारी सुट्टी आहे का? लेकीचा वाटा काढताना ‘मुलगा काय म्हणेल’ हा विचार मनात आला, तर ओळखा की लॉरेन्सचं पत्र आपल्याही हस्ताक्षरात लिहिलं जातंय. ते पुरं व्हायच्या आत कागदावर बहिणीचं, लेकीचं नाव घाला.