घरी गेलं

शेल्टरमध्ये ‘गेलं’ हा शब्द कोणी एकटा वापरत नाही. ‘ते काळं पिल्लू गेलं’ असं फोनवर ऐकलं की पोटात गोळा येतो आणि आपण विचारतो, ‘गेलं म्हणजे? घरी गेलं की गेलं?’ दत्तक गेलेल्या पिल्लाला आणि मेलेल्या पिल्लाला मराठीत एकच क्रियापद लागतं, म्हणून तिथल्या लोकांनी आपापली सोय करून घेतली आहे. दत्तक गेलं तर ‘घरी गेलं’. मेलं तर नुसतं ‘गेलं’, आणि मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. चार वर्षं मी पुण्याबाहेरच्या एका शेल्टरमध्ये जाते, अधूनमधून पिल्लं घरी आणून वाढवते. तिथला सगळा खटाटोप या एका शब्दाच्या फरकासाठी चालतो.

मागच्या कार्तिकात, महिना संपता संपता, मामांचा फोन आला. मामा म्हणजे शेल्टरमधले सगळ्यांत जुने कामगार. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. भाद्रपदात कुत्र्यांचं काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. तिथून दोन महिने मोजले की शेल्टरचा हंगाम सुरू होतो. बांधकामावरच्या सिमेंटच्या पाइपात पाच पिल्लं सापडली होती, आई डंपरखाली आलेली, पिल्लांचे डोळेही उघडलेले नाहीत. ‘ताई, दोन आठवडे तरी न्या.’ दोन आठवडे म्हणजे सात आठवडे हे मला माहीत होतं, आणि मामांनाही.

पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली. सोबत पिल्लांच्या दुधाच्या पावडरीचा डबा, सुई काढलेल्या सिरिंजा आणि सूचनांचा एक कागद. सासूबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, बोळा कर. सिरिंज कसली घेऊन बसलीस?’ त्या वाईजवळच्या खेड्यात वाढल्या. आई मेलेली करडं त्यांनी बोळ्यावर जगवली होती. बोळ्याने दूध पिणाऱ्या भाबड्या माणसांची थट्टा मी जन्मभर केली, पण खराखुरा बोळा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो काही चालला नाही, पिल्लू इतक्या जोरात ओढायचं की कापूसच घशात जाईल असं वाटायला लागलं. सिरिंजच कामाला आली, पण पिल्लू धरायचं कसं ते सासूबाईंनी दाखवलं. उताणं नाही. पालथं, आईच्या पोटाशी असतं तसं, मान जराशी वर. उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. माणसाच्या बाळांची सवय असलेले हात नेमकी हीच चूक करतात.

दर तीन तासांनी दूध, रात्री दोनलासुद्धा. गाईचं नाही, त्याने जुलाब होतात. पाजण्याआधी अंगाला हात लावून बघायचा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, त्याला आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली द्यायची. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हळूहळू पुसायचं, कारण पहिले तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. मातृत्वावर आपल्याकडे पोतंभर लिहिलं गेलं आहे. ही एवढी गोष्ट मात्र मला पन्नाशीत, हातात ओला कापूस घेऊन कळली.

रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलचं भांडं ठेवून एकेकाला त्यात बसवायचं. वहीत पाच रकाने. शेल्टरवाले नावं ठेवू नका म्हणतात, म्हणून गळ्यात लोकरीचे दोरे: लाल, निळा, पिवळा, हिरवा. पाचव्याला वेगळ्या रंगाची लोकर उरली नाही, ते बिनदोऱ्याचं. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही, म्हणून दर तीन दिवसांनी तो कापून नवा बांधायचा. निळ्याच्या रकान्यात ४१०, ४१८, ४१८, ४०२ असे आकडे आहेत. त्याखाली काही नाही.

इतकं सगळं घरी कशाला, शेल्टर कशासाठी आहे मग, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पिल्लासाठी शेल्टरइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं ते सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांच्या दरम्यान कधीतरी ओसरतं. प्रत्येकाचं वेगळ्या दिवशी. ते अंगात असेतो लस नीट लागू पडत नाही, आणि ते ओसरून लस लागेपर्यंत मध्ये काही दिवस पिल्लू उघडं पडतं. म्हणून तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. या मधल्या दिवसांवर पार्व्हो टपलेला असतो. आपल्याकडे लोक त्याला सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. त्याचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो, चपलेच्या तळव्यातून घरोघर फिरतो, आणि फिनेलला दाद देत नाही. फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं आपण मानतो. पार्व्होला मारायला ब्लीच लागतं, ते ठरलेल्या प्रमाणात, आणि फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. ती दहा मिनिटं थांबायला कोणी तयार नसतं.

घराची आणखी एक गरज असते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जगात काय काय नेहमीचं आहे ते शिकून घेतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा, छत्री उघडणारा माणूस, रांगतं मूल. जे या दिवसांत दिसलं-ऐकलं नाही त्याची भीती पुढे सहसा जात नाही. पिंजऱ्यात कितीही प्रेमाने ठेवलं तरी कुकरची शिट्टी कुठून आणणार?

आता स्वयंसेवकांबद्दल. इथे मी जरा तिरकं बोलणार आहे. रविवारी शेल्टरमध्ये माणसं मावत नाहीत. लेकरं येतात, कॉलेजची मुलं येतात, वाढदिवस असणारे बिस्किटांचे पुडे घेऊन येतात. पिल्लांना मांडीवर घेतात, फोटो काढतात, काही जण खरोखर रडतात. त्यांचं रडणं खोटं नसतं. पण मंगळवारी सकाळी तिथे मामा, दोन मावश्या आणि दीडशे भांडी असतात. नामदेवांच्या पोळीवर कुत्र्याने झडप घातली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि दरवेळी गहिवरतो. मला अलीकडे वेगळंच सुचतं: दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याने काय खाल्लं? गोष्ट तिथे संपते. शेल्टरचं काम तिथून सुरू होतं. दयेला वेळापत्रक नसतं म्हणूनच ती आपल्याला इतकी आवडते. एखाद्याला प्राण्यांचं फार प्रेम नसेल, पण तो दर मंगळवारी नऊला येऊन भांडी घासणार असेल, तर मी त्याला दहा प्राणीप्रेमींपेक्षा वरचा मान देईन. असा एक निवृत्त ड्राफ्ट्समन आमच्याकडे येतो. कुत्र्यांशी अवाक्षर बोलत नाही. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, ‘रेबीजची लस आधी घ्यायची ना?’ घ्यायचीच असते. तरी बिस्किटं घेऊन आलेल्यांपैकी कोणी ते विचारल्याचं मला आठवत नाही.

मधल्या काळात ‘शेल्टर’ हा शब्द एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितली. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्री मूळ जागी सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक मात्र ठेवा. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारांसाठी पुन्हा वेगळा आदेश आला. ऑगस्टमधल्या त्या दोन आदेशांमधल्या अकरा दिवसांत आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मला दोनदा गाठलं. ‘वहिनी, तुमच्या शेल्टरवाल्यांना सांगा ना, आपली चार घेऊन जा म्हणावं.’ त्यांच्या नातीला मागे एकदा कुत्रं चावलं होतं, पाच इंजेक्शनं घ्यावी लागली; त्यांना हसण्यावारी नेणं मला जमलं नाही. मी एवढंच म्हटलं की ती चार आली तर आत असलेली चार कुठे जाणार? ते म्हणाले, ‘मोठी जागा घ्या.’

मोठी जागा घेण्याचा विचार मुंबईत फार पूर्वी होऊन गेला आहे. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. दातृत्वाचा केवढा मोठा प्रकार तो, आणि आजही उभा आहे. पण त्या शब्दाचं मराठीत पुढे काय झालं पाहा. एखाद्या कचेरीत निरुपयोगी माणसं साठली की आपण म्हणतो, ‘नुसता पांजरपोळ झालाय.’ भाषा कोणाची भीड ठेवत नाही. ज्या जागेत येणं आहे आणि जाणं नाही, त्या जागेचं काय होतं ते तिने टिपून ठेवलं आहे. जख्ख म्हातारी, आंधळी, मणका मोडलेली जनावरं शेल्टरमध्येच राहणार, त्यांना जन्मभराचा आसरा हवाच. बाकीच्यांसाठी मात्र शेल्टर हा एसटी स्टँड असावा. स्टँडवर गाड्या लागल्या नाहीत तर आणखी बाकडी टाकून काय होणार? आणि दर भाद्रपदानंतर पाचपाच, सातसात पिल्लं येतच राहणार असतील, तर स्टँड कितीही मोठा बांधला तरी अपुराच. म्हणून मला विचाराल तर शेल्टरमधली सगळ्यांत महत्त्वाची खोली ही नसबंदीची शस्त्रक्रिया होते ती, आणि रविवारी तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

जी माणसं तात्पुरतं म्हणून पिल्लू नेतात आणि मग स्वतःच ठेवून घेतात, त्यांना शेल्टरमध्ये ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. कौतुकानेच म्हणतात, पेढेही मागतात. पण शब्द बरोबर आहे. आपण ठेवून घेतलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे पुढच्या खोक्यासाठी बंद झालेलं एक दार. इथे पास होणं म्हणजे देऊन टाकणं. आपल्याकडे माया ही धरून ठेवण्याने मोजली जाते. जितकं सुटत नाही तितकी माया मोठी. सात आठवड्यांची मुदत घातलेल्या मायेसाठी आपल्याला शब्दही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘मुलीसारखंच की, परक्याचं धन.’ मला ती उपमा रुचली नाही. मुलगी कोणाचं धन नव्हती, पिल्लूही नाही. मी त्यांना म्हटलं, मी बालवाडीची बाई आहे असं समजा.

सात आठवडे संपल्यावर लाल, पिवळा आणि हिरवा पंधरा दिवसांत घरी गेले. तिघंही नर. न्यायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘मेल आहे का?’ बिनदोऱ्याची मादी होती, शिवाय काळी. ती मागे राहिली. मी नाव ठेवलं नव्हतं, पण सासूबाई तिला ‘अगं ए’ म्हणायच्या आणि ती त्यालाच ओ द्यायची. शेवटी चिंचवडहून एक जोडपं आलं. मी त्यांना शेल्टरच्या यादीतले सगळे प्रश्न विचारले: गावाला जाताना काय कराल, घरमालकाची परवानगी आहे का, नसबंदी करणार ना. यादीत नसलेलेही दोन-चार विचारले, कारण मला ती माणसं नापास व्हायला हवी होती. ती झाली नाहीत. त्यातल्या मुलीच्या सलवारीला आमच्या पिल्लाचे केस लागले होते आणि तिने ते झटकले नाहीत. पुढे महिनाभराने तिने फोटो पाठवला. कुकरच्या शेजारी, ओट्याखाली, काळं कुत्रं निवांत झोपलेलं.

त्याच दिवशी मामांचा फोन आला होता. मांजरीची तीन पिल्लं, डोळे बंद. खोकं आता पलंगाखाली आहे.

तुम्हाला यायचं असेल तर मंगळवारी या, नऊच्या आत. पिल्लू घरी न्यायलाच हवं असं नाही. जुनी वर्तमानपत्रं लागतात, रोज दोन गठ्ठे. मात्र गुळगुळीत कागदाच्या पुरवण्या आणि मासिकं आणू नका. त्यांच्यात पाणी शोषलं जात नाही.