तकदीर की हयगय?

गेल्या जानेवारी महिन्यात आम्ही तिवसा येथील आमच्या घरी पहिल्यांदाच कोंबडीची पिल्ले आणली. यंत्रात उबवलेली, एका दिवसाची, एकूण २५. आठवडी बाजारात हिरव्या-गुलाबी रंगात बुडवलेली पिल्ले टोपलीत घालून विकतात. माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा हट्ट खरे तर त्यांच्यासाठी होता. जिवंत प्राणी म्हणजे खेळणे नव्हे, असे तिला समजावून मी ती घेतली नाहीत आणि रीतसर पाळण्यासाठी ही आणली. या फरकाचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

पाचव्या रात्री, अडीचच्या सुमारास वीज गेली. लाकडी खोक्यावर टांगलेला दिवा विझला आणि पिल्लांचा आवाज बदलला. ऊब पुरेशी असली की ती हलकी, समाधानी कुजबुज करतात; गारठली की आवाज तीक्ष्ण आणि अखंड होतो. हा फरक मला चार दिवसांत कळू लागला होता. मी जागा झालो, ऐकले आणि समजलो. ‘येईल आता वीज’ असे मनाशी म्हणालो आणि रजई वर ओढून घेतली. काही वेळाने आवाज कमी झाला. तेही मला कळले.

फज्रच्या अजानपूर्वी मात्र मी नेहमीप्रमाणे उठलो, थंड पाण्याने वुजू केला आणि मशिदीत जाऊन नमाज पढवली. परतलो तेव्हा ११ पिल्ले मेलेली होती. उबेसाठी सगळी खोक्याच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती आणि खालची गुदमरली होती. कोणी काही बोलण्यापूर्वीच माझ्या तोंडून निघाले, “अल्लाहची मर्जी. त्यांचे आयुष्य तेवढेच होते.” लेक म्हणाली, “अब्बू, लाइट गेली तेव्हा तुम्ही जागे होता ना? तुमचा खोकला मी ऐकला.” शेजारच्या आजींनी उभा जन्म कोंबड्या पाळल्या आहेत. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, “इमामसाहेब, लाइट गेली तं उठा लागत होतं ना बाप्पा. त्यायले माय नाई. तुमीच त्यायची माय.”

वाचक बंधू-भगिनींनो, मी उच्चारलेले वाक्य असत्य नव्हते. तकदीरवर श्रद्धा हा आपल्या ईमानचा भाग आहे. अल्लाहच्या ज्ञानाबाहेर झाडाचे पानही गळत नाही, मग ११ जीव कसे जातील? परंतु त्या सकाळपासून एक प्रश्न माझा पाठलाग करतो आहे. सत्य असलेले वाक्य अप्रामाणिकपणे उच्चारता येते काय? आणि ते उच्चारणारा धर्माचा शिक्षक असेल, तर त्याचा अपराध वाढतो की घटतो?

प्रथम त्या पिल्लांच्या घडणीकडेच पाहू. अंड्यात २१ दिवस वाढणारे पिल्लू कवच फोडण्यापूर्वी उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोन दिवस दाणापाण्यावाचून तग धरू शकते. म्हणूनच ते खोक्यात बसून दूरच्या गावाला सुखरूप पोहोचते. पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक जिवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे, या कुरआनच्या शिकवणुकीचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय. पण त्याच पिल्लाला स्वतःच्या शरीराची उष्णता पुरेशी राखता येत नाही. अंगावर पिसे येईपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे, ती बाहेरून मिळावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते; पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवता येते. निर्मात्याने अन्न पिल्लाच्या पोटात ठेवले आणि ऊब मात्र दुसऱ्याच्या पंखांखाली ठेवली. रिज्कचा एक वाटा दुसऱ्या जिवाच्या हवाली करणे हीदेखील त्याचीच योजना आहे.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा तो वाटा तिच्याकडे असतो. रात्री वीज आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसते. यंत्रातल्या पिल्लाला मात्र ती कधी भेटतच नाही. आपण दाम मोजून पिल्लू घरी आणतो तेव्हा पिल्लाबरोबर त्या अनुपस्थित आईचे कामही घरी आणतो. आजींना हे सांगायला कोणत्याही ग्रंथाची गरज पडली नाही.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात माननीय अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख पसरून व्याकुळपणे घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) आले, त्यांनी तिच्या दुःखाचे कारण विचारले आणि पिल्ले तिला परत देण्याची आज्ञा केली. आपल्याकडे आज परत देण्यासाठी आईच नाही. मग त्या आज्ञेतून आपली सुटका झाली असे समजावे काय? मला उलटेच वाटते. परत देता येत नाही, म्हणून आईच्या ठिकाणी उभे राहणे आपल्यावर बंधनकारक झाले.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-जिवाणू खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही, यासाठी ती शिक्षेस पात्र ठरली. तिने मांजरीवर हात उगारल्याचा तेथे उल्लेख नाही. कोंडणे आणि विसरणे, एवढ्यानेच तिचा गुन्हा पूर्ण झाला. ‘मांजरीचे आयुष्य तेवढेच होते’ असे तीही म्हणू शकली असती, आणि ते वाक्य माझ्या वाक्याइतकेच खरे ठरले असते.

तकदीरचा खरा अर्थ माननीय उमर (रजि.) यांच्या एका प्रसंगातून उलगडतो. ते सीरियाकडे निघाले असताना सर्ग या ठिकाणी, पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. त्यांनी माघारी फिरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग त्यांनी उंटांचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारा, चारणे अल्लाहच्या तकदीरनेच होते. म्हणून शहाणा गुराखी उजाड बाजू निवडत नाही. त्या रात्री माझ्यापुढेही दोन बाजू होत्या. चुलीवर पाणी तापवणे ही तकदीरच होती आणि रजई ओढणे हीही तकदीरच होती. मी उजाड बाजू निवडली आणि सकाळी तिला एकट्या अल्लाहची निवड म्हटले.

आता जी गोष्ट मला सर्वाधिक टोचते ती सांगतो. त्याच रात्री, त्याच थंडीत मी फज्रसाठी उठलोच होतो. म्हणजे उठण्याची शक्ती माझ्यात होती. मग अडीच वाजता ती कुठे गेली? उत्तर कटू आहे. फज्रला इमाम आला नाही तर पहिल्या रांगेतले बुजुर्ग दार ठोठावतात. पिल्ले दार ठोठावत नाहीत.

मदरशात आम्ही ‘हिदाया’ हा फिक्हचा ग्रंथ शिकलो. त्यात पाळीव प्राण्यांच्या पोटापाण्याविषयी एक सूक्ष्म चर्चा येते. मालकाने त्यांना पोसले नाही तर काजीने सक्ती करावी काय? इमाम अबू यूसुफ (र.) यांच्याकडून सक्ती करण्याचे मत नोंदवले आहे, इमाम शाफई (र.) यांचेही मत तसेच आहे. हनफी परंपरेतील प्रसिद्ध मत मात्र असे की, काजी सक्ती करणार नाही, कारण प्राणी न्यायालयात हक्क मागणारा वादी होऊ शकत नाही. तथापि पोसणे हे मालक आणि अल्लाह यांच्या दरम्यान बंधनकारक आहे. याला ‘दियानत’ म्हणतात. विद्यार्थिदशेत मला वाटे की, या दुसऱ्या मतात प्राण्यांची बाजू दुबळी पडते. आता वाटते की, मालकाची बाजू अधिक अवघड होते. काजीपुढे साक्षीदार लागतात, तारखा पडतात, पळवाटाही निघतात. दियानतीच्या दरबारात मात्र माझा खोकला हाच पुरावा आहे. आपल्या देशातही १९६० पासून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, आणि मालकाने अन्न, पाणी, निवारा न पुरवणे हा त्यात अपराध आहे. पण तिवशातील ११ पिल्लांसाठी कोण तक्रार नोंदवणार होते?

काही मित्रांनी विचारले, “मौलाना, शेवटी ती कापूनच खायची होती ना?” होय. कोंबडी खाणे हलाल आहे, स्वतः प्रेषितांनी (स.) ती खाल्ल्याचे माननीय अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितले आहे. पण जिबह करतानाही सुरी धारदार करण्याची आणि जनावराला आराम देण्याची ताकीद त्यांनीच दिली. ज्या धर्माला शेवटच्या क्षणातील वेदनेचीही चिंता आहे, त्याला त्याआधीच्या आयुष्याची चिंता नसेल काय? अल्लाहचे नाव घेऊन जीव घेण्याची परवानगी आपल्याला मिळाली आहे. आळसाने जीव जाऊ देण्याची परवानगी मिळालेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या वऱ्हाडात कर्जापायी शेतकरी गळफास घेतात, तिथे पिल्लांचा शोक कशाला? मी म्हणतो, शोक पिल्लांपुरता नाहीच. शेजारी कर्जात बुडत असताना आपण चौकशी केली नाही, आणि जनाजाच्या वेळी म्हणालो, ‘अल्लाहची मर्जी.’ मजुराच्या तापलेल्या मुलाला वेळेवर दवाखान्यात नेले नाही, आणि म्हणालो, ‘नशीब.’ ज्या जिभेला हा शब्द पिल्लांच्या खोक्याजवळ सोपा वाटतो, तिला तो माणसांच्या दारीही सोपाच वाटतो. तकदीरचा शब्द प्रयत्न संपल्यावर मनाला सावरण्यासाठी आहे. प्रयत्न टाळण्यासाठी तो वापरला, तर आपण स्वतःचा दोष अल्लाहच्या नावे लिहितो.

माणसाचा हक्क बुडवला तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागता येते. त्या पिल्लांकडे मी कसा जाऊ? शिंगे नसलेल्या मेंढीलाही शिंगे असलेल्या मेंढीकडून तिचा न्याय मिळेल, अशा दिवसाची खबर आपल्याला दिली गेली आहे. त्या दिवशी ११ पिल्ले बोलू लागली तर काय, हा विचार करून मी तौबा केली. तौबेची एक अट अशी की, कृत्य पुन्हा होऊ नये. म्हणून आजींकडून शिकलो. चौकोनी खोके काढून पत्र्याचे गोल कुंपण केले, कारण गोलाला कोपरा नसतो आणि पिल्ले एका जागी दाटत नाहीत. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवायच्या, हेही ठरले. लेकीला सांगितले, “तुझे अब्बू जागे होते. चूक अब्बूंची होती.” हे वाक्य मिंबरवरच्या कोणत्याही खुतब्यापेक्षा मला जड गेले.

उरलेली १४ पिल्ले आता मोठी झाली आहेत. त्यांतला एक कोंबडा फज्रपूर्वी आरवतो. कोंबड्याची बांग ऐकल्यावर अल्लाहची कृपा मागावी, अशी शिकवण आहे. मी ती मागतो, आणि सोबत आणखी एक मागणे मागतो. हे अल्लाह, ज्यांना दार ठोठावता येत नाही, त्यांच्यासाठी उठण्याची शक्ती आम्हाला दे. आणि आमच्या हयगयीला तुझी मर्जी म्हणण्यापासून आमच्या जिभा राख. आमीन.