बॅटरी मेली नाही, तू मारलीस

“सर, बॅटरी खराब निघाली,” असं तू फोनवर सांगितलंस. वर हेही ऐकवलंस, की पहिलीही अशीच गेली, आजकाल कंपन्या मालच हलका देतात. हे बोलणं फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच आणि मधे सबबी शोधू नकोस.

बॅटरी खराब निघाली नाही. ती तू मारलीस. आधीचीही तूच मारली होतीस. गाडीतलं काही कळत नसलेल्या माणसाने असं केलं असतं, तर मी त्याला शांतपणे समजावलं असतं. तू माझ्या वर्गात बसून ऑटोमोबाईलचा डिप्लोमा घेतला आहेस. तुला समजावणार नाही, जाब विचारणार आहे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि तू तुझी पोर्श ९११ सोसायटीच्या बेसमेंटमध्ये लावलीस. खड्डे, तुंबलेले रस्ते आणि जमिनीला टेकणारा बंपर बघता ती बाहेर न काढण्याचा निर्णय योग्यच होता. कव्हर घातलंस, टायरमध्ये हवा भरलीस. दसऱ्याला पूजेसाठी कव्हर काढलंस, तर रिमोटचं बटणही चालेना. मधल्या चार महिन्यांत बॅटरीला एकदा तरी मीटर लावलास का? नाही. मग खराब काय निघालं, बॅटरी की तुझी शिस्त?

किल्ली काढली की गाडी बंद झाली, असं तू धरून चाललास. इंजिन बंद होतं, गाडी होत नाही. अलार्म जागा असतो, इमोबिलायझर जागा असतो, रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर जागा असतो, कंट्रोल युनिट्स आपली मेमरी धरून ठेवतात. हे सगळे मिळून २० ते ५० मिलिअँपिअर खातात, आणि तेवढं चालायचंच. आता ४० धर. ०.०४ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास. तुझी बॅटरी ७० अँपिअर-तासांची धर. जून ते सप्टेंबर दिवस होतात १२२. सत्तर अँपिअर-तासांतून एकशे वीस जाणार कसे? पस्तीस दिवसांत ती अर्ध्यावर आली आणि श्रावण सरायच्या आत रिकामी झाली. हा शाळकरी गुणाकार आहे. तो तू केला नाहीस आणि कंपनीला शिव्या घातल्यास.

त्यात आपली हवा. बॅटरीला एकही तार जोडलेली नसली, तरी ती आतल्या आत उतरत राहते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. युरोपातल्या थंड गॅरेजचा हिशेब पुण्या-मुंबईच्या बेसमेंटला लागू पडत नाही. तुला इकडे दोन पावलं जास्त सावध राहायला हवं होतं. तू चार पावलं कमी राहिलास.

बॅटरी उतरली तर पुन्हा चार्ज होईल, त्यात काय बिघडलं, असं तू म्हणशील. बिघडतं ते इथेच. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची बॅटरी बनवली. तिचं मूळ रसायन आजही तेच आहे: एका प्लेटवर लेड डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसं, मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ते ताजं, बारीक असेपर्यंत चार्जिंगने विरघळतं आणि प्लेट मोकळी होते. तसंच आठवडेच्या आठवडे पडून राहिलं, की त्याचे खडे मोठे आणि टणक होतात. मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो आणि सत्तरची बॅटरी चाळीसची होऊन बसते. सल्फेशन हा शब्द तू परीक्षेत लिहिला होतास आणि त्याचे गुणही घेतले होतेस. तो पेपरात लिहून विसरण्यासाठी शिकवला नव्हता.

आकडे पुन्हा सांगतो, आता लिहून भिंतीवर लाव. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावायचा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे साधी बॅटरी पूर्ण भरलेली. एजीएम असेल तर थोडं जास्त दिसेल. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. १२.४ च्या खाली तिला पडू द्यायचं नाही. “बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, म्हणजे ठीक आहे” असं दुकानातल्या पोराने म्हटलं तर समजू शकतो. तुझ्या तोंडून ते ऐकल्यावर मला वाईट वाटलं.

सुरुवातीचे काही आठवडे दर रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचो, असंही तू म्हणालास, आणि ते मोठ्या अभिमानाने म्हणालास. आधी हिशेब बघ. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर लागतात, पण दोन-तीन सेकंदच. तो खर्च किरकोळ. खरी गळती आठवडाभराची आहे, सुमारे ७ अँपिअर-तासांची. आयडलवर पंखे, पंप, इग्निशन सगळ्यांचं भागवून बॅटरीच्या वाट्याला १५ अँपिअर आले असं उदार मनाने धरलं, तरी पाच मिनिटांत भरतात सव्वा अँपिअर-तास. सात गेले, सव्वा आला. त्यात थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनात तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, कारण ते उडून जाईल एवढी गाडी तापतच नाही. म्हणजे बॅटरी भरली नाहीस आणि वर इंजिन खराब केलंस. गाडी काढायची असेल तर उघाड बघून रस्त्यावर काढ, ऑइल नीट तापू दे, पाऊण तास चालव. ते होणार नसेल तर इंजिनला हातच लावू नकोस.

आता दसऱ्याच्या दिवशी जे केलंस त्याबद्दल. ९११ चं इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत. तुझ्या ९९७ मॉडेलच्या डिकीचं लॅच विजेवर चालतं. बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरी हाताला लागत नाही. पोर्शच्या इंजिनिअरांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आतल्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं एक टर्मिनल दिलं आहे. दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह त्याला, निगेटिव्ह दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला, आणि रिमोटने डिकी उघडायची. अलार्म ओरडेल, ओरडू दे. ही सोय फक्त लॅचसाठी आहे. तिथून गाडी स्टार्ट करायची नाही आणि बॅटरीही चार्ज करायची नाही. ती वायर तेवढा करंट पेलणारी नाही. हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट आहे. तू मॅन्युअल उघडलं नाहीस, नाक्यावरून माणूस आणून डिकीच्या फटीत पट्टी सरकवलीस आणि रंगावर ओरखडा पाडून घेतलास. पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, हाताच्या अंतरावर होतं.

दाराचंही तेच. या गाडीच्या काचेला चौकट नाही. हँडल ओढलं की काच थोडी खाली सरकते आणि मगच दार सुटतं. वीज नसेल तर ती सरकत नाही. तेव्हा किल्लीने दार उघडून तू ते चार वेळा आपटलंस, म्हणजे काच चार वेळा रबरावर घासलीस. मेलेल्या बॅटरीची गाडी हळुवार हाताळायची असते, हे शिकवावं लागतं का?

मग जंप स्टार्ट करून गाडी थेट हायवेला घेतलीस, “अल्टरनेटर भरेल” म्हणून. अल्टरनेटरचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं. पार उतरलेली बॅटरी त्याच्या गळ्यात घातलीस, की तो कितीतरी वेळ पूर्ण भाराने करंट देत तापत राहतो. आज बॅटरी गेली, उद्या अल्टरनेटर जाईल, आणि त्याची किंमत ऐकून तू पुन्हा मलाच फोन करशील. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर सावकाश भरायची, मग गाडी चालवायची. या क्रमात तडजोड नाही.

आता करायचं काय ते ऐक. एक चांगला मेंटेनर चार्जर घे. बॅटरीवाल्याकडे असतो तो जुना चार्जर नको. तो बॅटरी भरली तरी करंट ढकलत राहतो, ॲसिडमधलं पाणी वायू होऊन उडतं आणि प्लेटा कोरड्या पडतात. मेंटेनर आधी ठरावीक करंटने भरतो, १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की तिथे धरून ठेवतो, करंट घटला की १३.५ च्या आसपास उतरतो आणि गळतीपुरतंच देत राहतो. तो महिनोन्‌महिने लावून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. फेरारीसारख्या कंपन्या गाडीबरोबर असा चार्जर देतात. त्यांना आपल्या गाडीची भूक माहीत आहे. तुला माहीत करून घ्यावीशी वाटली नाही.

बॅटरीवर फ्यूज असलेली कायमची पिगटेल बसव, म्हणजे क्लिपा रोज चाचपाव्या लागणार नाहीत. क्लिपाच वापरणार असशील, तर आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह बॅटरीपासून लांब बॉडीच्या धातूला. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडू शकते, तिच्या तोंडाशी ठिणगी नको. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चार्ज करायचं असेल, तर किल्ली काढल्यावर तिथे व्होल्टेज राहतं का, ते आधी मीटरने तपास.

बेसमेंटमध्ये सॉकेट नाही, ही तुझी सबब. मेंटेनर बॅटरी भरल्यावर १० वॅट खातो असं धरलं, तरी महिन्याला ७.२ युनिट होतात. सोसायटीला लेखी अर्ज दे, सबमीटर बसवून घे, लाइनला ईएलसीबी लाव, आणि चार्जर जमिनीवर ठेवू नकोस, भिंतीवर उंच टांग. बेसमेंटमध्ये पाणी शिरतं, हे तुला दर पावसाळ्यात दिसतं. समिती खरोखरच नाही म्हणाली, तर बॅटरी काढून घरी आण, हवेशीर जागी ठेव आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज कर. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. नुसता निगेटिव्ह काढून गाडीत तशीच सोडलीस, तर गाडीची गळती थांबेल, बॅटरीची स्वतःची थांबणार नाही. आणि तार सुटी असताना डिकी बंद केलीस, तर पुन्हा बाहेरच राहशील.

आता “लिथियम बसवतो, मग कटकटच नाही” असं तुझ्या डोक्यात शिरलं आहे. पोर्शने २०१० च्या ९११ जीटी३ साठी लिथियम बॅटरीचा पर्याय आणला तो वजनासाठी. ती ६ किलोपेक्षा हलकी होती, नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलोहून अधिक वजन वाचत होतं. तरी थंडीत ती कमी पडते म्हणून कंपनी नेहमीची बॅटरीही सोबत देत होती. लिथियम बसवून गाडीची गळती एक मिलिअँपिअरनेही कमी होत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. शिवाय तिला तिचाच चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीचं सल्फेट फोडायला १५ व्होल्टच्या वर जाणारा मोड तिला लावलास, तर तिची वाट लागेल. व्होल्टेजचे वर दिलेले आकडेही तिला लागू नाहीत. एक बॅटरी सांभाळता येत नाही तोवर दुसरीचं नाव काढू नकोस.

नवी बॅटरी बसली की आधी गळती मोज. गाडी लॉक कर, किल्ली लांब ठेव, कंट्रोल युनिट्स झोपेपर्यंत थांब, मग निगेटिव्ह केबलमध्ये मीटर सिरीजला जोडून आकडा घे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नकोस, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर दिसला, तर एकेक फ्यूज काढून चोर शोध. मागून बसवलेला कॅमेरा, जीपीएस, ॲम्प्लिफायर, यांच्यावर पहिला संशय घे. हे काम तुला येतं. प्रॅक्टिकलला तू ते बाकीच्यांच्या आधी संपवायचास, म्हणून तर माझा संताप जास्त आहे. ज्याला येत नाही त्याचं चुकतं. ज्याला येतं आणि तरी जो करत नाही, तो हेळसांड करतो.

एक वही ठेव. तारीख, सकाळचं व्होल्टेज, गळती, चार्जर कधी लावला, कधी काढला. पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी मला पाठव. मी त्या लाल पेनने तपासणार आहे. गाडी घेताना पैसे मोजलेस, ते फक्त तिच्या मालकीचे. तिची देखभाल रोज उठून करावी लागते, ती पैशाने होत नाही. एवढं तुझ्याने होणार नसेल, तर ती गाडी अशा माणसाला वीक जो ते करील. होणार असेल, तर उद्या सकाळी मीटर घेऊन बेसमेंटमध्ये जा आणि पहिला आकडा लिही.