चालते, चालतो, कामिनो

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात निमगाव केतकीला आली, ती स्पॅनिशची वही घेऊनच. पुण्यात शाळेत तिला ती भाषा आहे. दुपारी मळ्यातून आलेली पानं मोजत आम्ही ओसरीवर बसायचो आणि ती घोकायची : कामिनो, कामिनास, कामिना, कामिनामोस, कामिनाइस, कामिनान. चालणे या क्रियापदाचा वर्तमानकाळ. मूळ रूप कामिनार. त्यातला शेवटचा ‘आर’ काढायचा आणि उरलेल्या ‘कामिन’ला सहा प्रत्यय लावायचे. हे नियमित क्रियापद असल्यामुळे हेच प्रत्यय बोलण्याच्या ‘हाब्लार’ला आणि गाण्याच्या ‘कांतार’लाही चालतात. तीस वर्षं मी मुलांना काळ आणि प्रत्यय शिकवले, त्यामुळे हे मला पहिल्याच दिवशी उमगलं.

“पण ह्यात ‘मी’ कुठाय गं?”

“लागत नाही, आजी. ‘ओ’ आला की मी आलाच. मुद्दाम सांगायचं असेल तेव्हाच ‘यो’ म्हणायचं.”

आपणही “येते हं” म्हणतो, तिथं ‘मी’ नसतो. पण आपलं क्रियापद तोंडातून बाहेर पडता पडता विचारतं, बाई की बुवा? चालते की चालतो? स्पॅनिशच्या वर्तमानकाळाला त्याचं काही नाही. ‘कामिनो’ म्हणणारी बाई असो वा पुरुष, शब्द तोच. मग माझ्या लक्षात आलं की मराठीतही एक जागा अशी आहे. ‘आम्ही चालतो.’ दिंडीतल्या सगळ्या बायका मिळूनही ‘आम्ही चालतो’च म्हणतात. एकटीला बाई असावं लागतं, आम्ही झालो की ते गळून पडतं. इतकी वर्षं शिकवून हे कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नातीनं आणखी एक सांगितलं. ‘कामिनो’ म्हणजे ‘मी चालते’, आणि ‘कामिनो’ म्हणजे वाटसुद्धा. उच्चार तोच, आघात तोच. स्पेनमध्ये सांतियागोच्या समाधीला शेकडो वर्षं लोक पायी जातात, त्या यात्रेचं नावही कामिनो. निदान 100 किलोमीटर पायी गेलेल्याला तिथं प्रमाणपत्र मिळतं. ते ऐकताना मला आमची पंढरीच्या वारीची वाट दिसायला लागली. 1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज पादुका पालखीत घालून निघाले, तेव्हापासूनची. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं पहिलं गोल रिंगण, मग आमचं निमगाव, मग इंदापूर, आणि सराटीला नीरेत पादुकांचं स्नान. ‘मी चालते’ आणि ‘वाट’ एकाच शब्दात असतील, तर चालणारी वाटेपासून वेगळी काढायची कशी?

हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईनं घोळवलेला आहे. ‘चैत्र गावाला जातो’ हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणतात, या वाक्याचा मुख्य अर्थ चैत्र; जाणं हे त्याचं विशेषण. वैयाकरण म्हणतात, मुख्य आहे ते जाणं. चैत्र त्या जाण्याचा कर्ता म्हणून येतो, इतकंच. वाचलं तेव्हा मला हा नुसता पंडितांचा काथ्याकूट वाटला होता. आता वाटत नाही. नैयायिकांचं खरं असेल तर गुडघे गेल्यावर माझं विशेषण गेलं, मी वारकरी उरले नाही. वैयाकरणांचं खरं असेल तर चालणं आधी आहे, आणि ते चालूच आहे.

मी अकरा वाऱ्या केल्या. ‘केल्या’ लिहिलं, पण सासूबाईंनी हे चालवून घेतलं नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या वारीहून परतले आणि शेजारणीला म्हणाले, “वारी केली.” सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “केली म्हणू न्हाय. घडली म्हण.” त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वारी घडली, दर्शन घडलं, माउलीनं चालवलं : त्यांच्या बोलण्यात कर्त्याच्या जागी त्या स्वतः कधी बसल्या नाहीत. अभंगाच्या शेवटी तुकोबाही ‘मी म्हणतो’ म्हणत नाहीत, ‘तुका म्हणे’ म्हणतात. ते ‘म्हणे’ जुन्या मराठीतला वर्तमानकाळ आहे, आणि तृतीय पुरुष. स्पॅनिशमध्ये समोरच्या वडीलधाऱ्याला मान द्यायचा तर ‘उस्तेद’ म्हणतात आणि क्रियापद तृतीय पुरुषी लावतात, ‘कामिना’. तिथं दुसऱ्याला मोठं करायला जे रूप, तेच तुकोबांनी स्वतःला बाजूला सारायला घेतलं. मला हे दोन्ही एकाच जातीचे नमस्कार वाटतात.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नातीनं सांगितलेलं मात्र मला सोसलं नाही. ‘कामिनो’ म्हणताना ‘मि’वर जोर दिला की ‘मी चालते’. तोच जोर शेवटच्या ‘नो’वर गेला की भूतकाळ होतो, आणि पुरुषही बदलतो : ती चालली. आघात एक अक्षर पुढं सरकला की मी संपले. सासूबाई गेल्या त्या दिवशी आमच्या घरातली वाक्यं अशीच एका रात्रीत बदलली होती. “आई वारीला जातात” म्हणायला तोंड उघडायचं आणि मध्येच थांबायचं.

तीन वर्षं झाली, मी चालत नाही. माझी पिशवी आता सून घेऊन जाते. पालखी निमगावात येते त्या दिवशी मी दाराशी पाण्याचा हंडा मांडून बसते. यंदा मराठवाड्याकडची एक म्हातारी टेकली. तळपायाला फोड आले होते, तिला तेल दिलं. पाणी पिता पिता तिनं विचारलं, “माउली, तुमी न्हाय का चालत?”

‘नाही’ ओठांवर आलं होतं.

“चालतो की आम्ही,” मी म्हणाले. “सून पुढं गेलीय.”

तिनं मान हलवली, तांब्या उपडा ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.