न आलेले सरकार

पुण्यात १८९७ च्या प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडचे नाव महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १९१८ साली मुंबई इलाख्यात आरोग्यखाते कोणाच्या हाती होते असे विचारले, तर इतिहासाचे प्राध्यापकही पुस्तक शोधायला उठतील. वास्तविक माणसे मेली ती १९१८ मध्ये. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झात हिंदुस्थानात दगावलेल्यांचे बरेच अंदाज एक कोटीच्या पलीकडचे आहेत. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या आधीच्यापेक्षा कमी भरली, असे गेल्या शतकात पुन्हा कधी झाले नाही. १८९७ च्या पुण्यातला प्लेग या हिशेबात कुठेच बसत नाही. तरी पिस्तूल निघाले ते प्लेगात.

सरकारच्या साथनिवारणाबद्दल लोकांचे मत बनते कसे, हे या दोन सालांइतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसते. लोक मृत्यू मोजून मत बनवत नाहीत. सरकार आपल्या उंबऱ्याच्या आत आले का, आणि आले तर कसे आले, हे ते बघतात.

१८९७ च्या मार्चमध्ये ते आले गोऱ्या सोजिरांच्या बुटांनी. घरोघर झडत्या सुरू झाल्या. देवघर, माजघर, स्वयंपाकघर काही सुटले नाही. काखेत, जांघेत गाठ आहे का हे बायकांनाही उघड्यावर उभे करून तपासले, अशा तक्रारी झाल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे सेग्रिगेशन कँपात, सामान आगीत. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे यातले पुष्कळसे बरोबर होते. उंदरावरच्या पिसवेचा दोष तेव्हा कोणी ओळखलेला नव्हता. रोग्याला वेगळे ठेवावे हे टिळकांनाही मान्य होते. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढले आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना झोडपलेही. संताप होता तो रीतीवर. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ‘केसरी’तल्या लिखाणापायी टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, त्या हल्ल्याबद्दल दामोदर चापेकर पुढच्या वर्षी फासावर गेले. इंग्लंडात असताना गोखल्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांविषयी जाहीर विधान केले होते. परतल्यावर पुरावा मिळेना, म्हणून त्यांनी माफी मागितली, तर आपलेच लोक त्यांच्यावर उखडले. जनमताला कोर्टातला पुरावा लागत नाही, हे गोखल्यांसारख्या सज्जनाला जरा उशिरा कळले.

त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले गेल्या. दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी सांभाळताना त्यांना लागण झाली. रोग्याला घरातून उचलून न्यायचे काम इथेही होतेच. पण तो हात कोणाचा आहे हे लोकांना माहीत होते.

१९१८ मध्ये उंबऱ्याशी कोणी आलेच नाही. महायुद्ध चालू, कितीतरी डॉक्टर फौजेत, पावसाने दगा दिलेला, धान्य महाग. जूनमध्ये मुंबईत शिरलेला ताप शरद ऋतूत खेडोपाडी पसरला. मदत पोचवली ती बव्हंशी सेवाभावी मंडळींनी. वर्तमानपत्रांतून टीका झाली, पण तिला बोट दाखवायला माणूस सापडेना. प्लेगात सक्ती करून हात पोळल्यावर सरकार घरात शिरायला कचरत होते, असे मला वाटते. ते समजण्यासारखेही आहे. मात्र सक्ती सोडताना सेवाही सोडली, आणि तिचा जाब मागणारा कोणी उरला नाही, कारण जाब मागायला आधी दार वाजलेले असावे लागते.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत सरकार पुन्हा अंगाला भिडले. महाराष्ट्रात डाव्या हातावर होम क्वारंटाईनचे शिक्के बसले, गल्ल्यांना बांबू आणि पत्रे ठोकले गेले. धारावीत तर पालिकेची माणसे स्थानिक डॉक्टरांना घेऊन घरोघर तपासणीला फिरली. काम रँडच्याच जातीचे, पण तिथे रँड कोणाला आठवला नाही. सोबत ओळखीचा डॉक्टर होता आणि विलगीकरणात गेलेल्याला जेवण मिळत होते. २४ मार्चला रात्री आठला जाहीर झालेली टाळेबंदी चार तासांत देशभर लागू झाली. लाखो मजूर रस्त्याला लागले, ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. तरीही त्या महिन्यांतल्या जनमत चाचण्यांत सरकारची कामगिरी चांगलीच वर होती. ज्यांच्या घराला दार होते, त्यांना सरकार आपली काळजी घेताना दिसत होते. चालणाऱ्यांचे मत विचारायला चाचणीवाला महामार्गावर कशाला जाईल?

दुसऱ्या लाटेत मात्र १९१८ परतले. बेड, रेमडेसिविर, ऑक्सिजन यांसाठी लोक फोन फिरवत होते आणि फोन उचलणारे बहुधा सरकार नव्हते, ओळखीपाळखीचे कोणीतरी होते. राग भरपूर होता, पण सुट्या सुट्या घरांत. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेली नाही. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून देशात सुमारे ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, अधिकृत आकडा पाच लाखांच्याही आत होता. सरकारने अंदाजाची पद्धतच अमान्य केली. वाद संख्याशास्त्राचा ठरला आणि चौकातून चर्चासत्रात गेला.

या सगळ्या काळात हाताशी असलेला साथरोग कायदा जुनाच होता, प्लेगच्या धास्तीने फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईने केलेला. मूळ कलमे अवघी चार. सरकार लोकांना कशाची सक्ती करू शकते, न ऐकल्यास शिक्षा काय आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा का चालणार नाही, हे त्यात आहे. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी. ती हवीच होती. पण साथीत नागरिकाला सरकारकडून काय मागता येईल, याचे कलम त्यात तेव्हाही नव्हते आणि दुरुस्तीनंतरही आले नाही. १९१८ च्या सरकारने त्या कायद्याचा कसलाही भंग केला नव्हता.