मासा, रसना आणि विवेक

भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगणारा अवधूत परंपरेने दत्तात्रेय मानला जातो. त्या गुरूंमध्ये मासाही आहे; आमिषाच्या चवीला भुलून तो गळाला लागतो, म्हणून इतर इंद्रिये जिंकली तरी रसना जिंकल्याशिवाय साधक जितेंद्रिय ठरत नाही, असा त्याचा धडा. याच दत्तपरंपरेत, गुरुचरित्रातील भक्त सायंदेवांचे आणि त्या ग्रंथाचे कर्ते सरस्वती गंगाधर यांचे गाव म्हणून दत्तभक्तांना वंद्य असलेल्या कडगंचीत २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठही आहे. श्रद्धा आणि शास्त्र अशी शेजारी नांदत असता, मासा खरोखर जिभेचा दास आहे काय, हे तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

पाण्यात विरघळलेली द्रव्ये हीच माशाची वार्तापत्रे होत. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवून दिले की मिनो या लहान माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात पसरते आणि त्याच्या गंधाने सारा थवा भेदरून पळतो. या द्रव्याला ‘भयद्रव्य’ म्हणता येईल. भीमेकाठी परिचित असलेले रोहू आणि कटला हे मासे मिनोच्याच व्यापक कुळातले आहेत. अन्नाचा गंध आणि भयद्रव्य एकाच वेळी आले, तर पोट भरलेला मासा सहसा अन्न सोडतो, तर उपाशी मासा पुष्कळदा धोका पत्करतो. म्हणजे तो भूक आणि भय यांची तुलना करतो, आंधळेपणाने धावत नाही.

मग तो गळाला का लागतो? कारण आमिषाला अन्नाचा गंध असतो, पण लपलेल्या लोखंडी आकड्यापासून माशाला ओळखीचा असा कोणताही भयगंध सुटत नाही. तराजू शाबूत असतो, एक पारडे मात्र रिकामेच राहते. तरीही या तुलनेला विवेक म्हणता येत नाही, कारण विवेक म्हणजे नित्य आणि अनित्य यांचा भेद ओळखून आपल्याच ओढीला तपासणे, आणि माशाला पारड्यांची वजने बदलता येत नाहीत. उपवास करणारा मनुष्य भूक असतानाच तिचे वजन कमी करतो.

म्हणून अवधूताचा दृष्टांत खोटा ठरत नाही, पण त्यातला दोष माशाचा राहत नाही: माशाला दुसरा गंध मिळालाच नव्हता, आणि तो मिळूनही आमिष गिळणारा मनुष्यच खरा रसनेचा दास होय.